प्लॅन रुग्णावर जाण्याआधी: आयएमआरटी आणि व्हीमॅटचा रुग्णनिहाय क्यूए, पायरीपायरीने

आयएमआरटी आणि व्हीमॅट या डोसला बारकाईने आकार देणाऱ्या रेडिओथेरपीच्या पद्धती; व्हीमॅटमध्ये मशीन रुग्णाभोवती फिरता फिरता किरण देतं. अशा प्लॅनची मोजणी, म्हणजेच रुग्णनिहाय क्यूए (गुणवत्ता तपासणी), पहिल्या फ्रॅक्शनच्या, म्हणजे उपचाराच्या पहिल्या बैठकीच्या, आधी झालीच पाहिजे. हे सगळ्यांना माहीत असतं आणि गर्दीच्या दिवशी हेच सगळ्यात आधी मोडतं. २००५ साली न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगाच्या रुग्णाचा सुधारलेला प्लॅन सेव्ह होताना संगणक अडकला आणि मल्टिलीफ कोलिमेटरच्या (बीमला आकार देणाऱ्या सरकत्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे लीफ) हालचालीची माहिती जतनच झाली नाही. उपचाराच्या वेळी लीफ पूर्ण उघडे राहिले. अशी ३ फ्रॅक्शन गेली आणि प्लॅनची मोजणी त्यानंतर झाली. फॅन्टमवर (रुग्णाऐवजी मोजणीसाठी वापरायचा ठोकळा) दहा मिनिटांत दिसली असती अशी चूक रुग्णाच्या जिवावर बेतली.

हा लेख नव्या मेडिकल फिजिसिस्टसाठी, बीएआरसीचा डिप.आर.पी. (रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा) करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आणि मशीनवर काम करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टसाठी आहे. सहा एमव्हीचा (मेगाव्होल्ट) लिनॅक, म्हणजे किरण देणारं मशीन, एका जागचा डोस मोजणारा आयन चेंबर आणि एका पातळीवर अनेक डिटेक्टर असलेला द्विमितीय डिटेक्टर ॲरे ही बहुतेक केंद्रांत असणारी सामग्री इथे गृहीत धरली आहे.

कोणती चाचणी कोणती चूक पकडते

कामाला हात घालण्याआधी हे डोक्यात पक्कं बसायला हवं. फॅन्टमवरची मोजणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते: प्लॅनिंग सिस्टिमने सांगितलेला डोस मशीन प्रत्यक्षात देतंय का? कंटूर (सीटीवर आखलेली अवयवाची किंवा गाठीची रेषा) चुकलं, डाव्याऐवजी उजवं फुफ्फुस धरलं गेलं, जुन्या सीटीवर प्लॅन झाला, तरी गॅमा (मोजलेला आणि अपेक्षित डोस किती जुळतात याचा निकाल) ९९ टक्के येऊ शकतो, कारण मशीनने सांगितलेलं काम बरोबरच केलेलं असतं. या चुका कागदावरच्या तपासणीतच सापडतात. एमयूचा (मशीन किती किरण देणार ते मोजायचं एकक) हिशेब चुकला तर स्वतंत्र गणना बोलते. आयसोसेंटरचं (सगळे बीम जिथे एकत्र येतात तो बिंदू) सरकणं चुकलं तर पहिल्या दिवसाची इमेज बोलते. मशीनचं आउटपुट (ठरावीक एमयूला मिळणारा डोस) सरकलं असेल तर ते सकाळच्या तपासणीत दिसायला हवं. तिथे निसटलं तर प्रत्येक रुग्णाच्या क्यूएत थोडंथोडं डोकावतं आणि प्रत्येक वेळी प्लॅनवर खापर फुटतं.

म्हणून ‘क्यूए पास झाला’ एवढं म्हणून भागत नाही. काय पास झालं, ते विचारा.

सकाळचं मशीन

अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेचा टीजी-१४२ अहवाल आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मापदंड म्हणून वापरला जातो. त्यातल्या मर्यादा अशा: आउटपुट रोज ३ टक्क्यांच्या आत, महिन्याच्या तपासणीत २ टक्के, वार्षिक तपासणीत १ टक्का. आयएमआरटी करणाऱ्या मशीनवर लेझर १.५ मिमीच्या आत, स्टिरिओटॅक्टिक असेल तर १ मिमी. लीफच्या जागा तपासणारी पिकेट फेन्स चाचणी दर आठवड्याला.

रुग्णनिहाय क्यूए करायच्या दिवशी आउटपुटचा आकडा वेगळा लिहून ठेवा. मशीन त्या दिवशी अधिक २ टक्क्यांवर असेल तर नियमाने ते पासच आहे, पण तुमच्या प्लॅनच्या मोजणीत तेच २ टक्के येऊन बसतील. ३ टक्क्यांच्या निकषातले २ टक्के मशीननेच खाल्ले, तर प्लॅनच्या वाट्याला काय उरलं? दोन्ही आकडे शेजारीशेजारी असले की हा घोळ होत नाही.

पिकेट फेन्स कंटाळवाणी वाटते, पण सरकत्या लीफच्या आयएमआरटीत तिच्यावर खूप काही अवलंबून असतं. लीफमधली सरासरी फट २ सेंमी असेल आणि फट नेहमीच १ मिमी जास्त उघडत असेल, तर डोस सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. १० सेंमीच्या स्थिर फील्डमध्ये हाच १ मिमी फक्त कडेला दिसतो, मध्यावर काहीच फरक पडत नाही. त्यामुळे साध्या फील्डवर मशीन ठणठणीत आणि आयएमआरटीवर नापास, हे चित्र दिसलं की पहिला संशय लीफवर घ्यायचा.

कागदावरची तपासणी

हिला अर्धा तास द्या. ज्याने प्लॅन केला त्याने ही करायची नाही, दुसऱ्या फिजिसिस्टने करायची. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, कितीही अनुभव असला तरी.

सुरुवात प्रिस्क्रिप्शनपासून. डॉक्टरांच्या सहीचा कागद आणि प्लॅनिंग सिस्टिममधला आकडा समोरासमोर ठेवा. एकूण डोस, फ्रॅक्शनची संख्या आणि दर फ्रॅक्शनचा डोस हे तिन्ही वेगवेगळे वाचा. स्तनाच्या कर्करोगात १५ फ्रॅक्शनमध्ये ४० ग्रे (डोसचं एकक) आणि २५ फ्रॅक्शनमध्ये ५० ग्रे या दोन्ही पद्धती रोजच्या वापरातल्या. पहिल्यात दर फ्रॅक्शनला २.६७ ग्रे, दुसरीत २ ग्रे. टेम्प्लेट एकाचं आणि मजकूर दुसऱ्याचा, ही गफलत एकच आकडा तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटते.

मग सीटी. तारीख, रुग्णाचं नाव, नोंदणी क्रमांक, डोकं आधी की पाय आधी, उताणा की पालथा. स्लाइसची जाडी सर्वसाधारण प्लॅनला ३ मिमी किंवा कमी, मेंदूतल्या छोट्या गाठींना १ ते १.२५ मिमी. ट्यूबचं व्होल्टेज बघा. सीटी क्रमांकापासून घनता काढायचा तक्ता सहसा १२० केव्हीपीवर बनवलेला असतो. निदान विभागातल्या कुणी डोस कमी ठेवण्यासाठी ८० किंवा १०० वर स्कॅन केला असेल, तर हाडांचे आकडे बदलतात आणि तक्ता लागू राहत नाही. दातातल्या चांदीच्या पट्ट्या, नितंबातला धातूचा सांधा, आतड्यातलं कॉन्ट्रास्ट यांना हाताने घनता दिली आहे का, तेही बघा. दिली असेल तर कुठल्या आकड्याने, ते नोंदीत हवं.

कोच (रुग्ण झोपतो ते टेबल) स्ट्रक्चर म्हणून प्लॅनमध्ये घातला आहे का? कार्बन फायबरचा कोच मागून येणाऱ्या सहा एमव्ही बीममधून साधारण २ ते ४ टक्के खातो, तिरप्या बीममध्ये जास्त. व्हीमॅटचा आर्क (मशीनचा फेरा) अर्धा वेळ कोचमधूनच जातो.

बीमच्या बाबतीत तीन गोष्टी. एक, व्हीमॅटमध्ये कोलिमेटर शून्य अंशावर ठेवू नये. शेजारच्या लीफमधून झिरपणारा डोस प्रत्येक कोनात एकाच पातळीवर साचत जातो, म्हणून १० ते ३० अंशांची तिरकस ठेवण असते. दोन, व्हेरियनच्या १२० लीफच्या मशीनवर एका कॅरेजमधले (एका बाजूच्या सरकत्या चौकटीतले) लीफ एकमेकांपासून सुमारे १५ सेंमीपेक्षा लांब जाऊ शकत नाहीत. एक्स जॉ (बीमची रुंदी ठरवणारे जबडे) त्याहून रुंद उघडा ठेवलेला व्हीमॅट फील्ड दिसला की थांबा, काही भाग लीफच्या आवाक्याबाहेर आहे. तीन, एमयू. २ ग्रेच्या व्हीमॅट प्लॅनला ४०० ते ६५० एमयू हा नेहमीचा पल्ला. १,२०० दिसले तर ऑप्टिमायझरला (प्लॅन शोधणारं सॉफ्टवेअर) कुठेतरी अति ताणलं आहे, आणि तो प्लॅन पुढे मोजणीत त्रास देणार हे आत्ताच समजा.

शेवटी आयसोसेंटरचं सरकणं. सिम्युलेशनच्या वेळी लावलेल्या शिशाच्या मण्यांपासून उपचाराच्या बिंदूपर्यंत किती आणि कुठे. ‘उजवीकडे २.३’ असं लिहिलेलं चालत नाही. रुग्णाच्या उजवीकडे की समोर उभं राहणाऱ्याच्या? रुग्ण पालथा असेल तर हा गोंधळ दुप्पट होतो. कोच कुठल्या दिशेला हलवायचा ते लिहा, सोबत मिलिमीटर, सोबत कोचची अपेक्षित स्थिती.

स्वतंत्र एमयू गणना

हे काम प्लॅनिंग सिस्टिमपेक्षा वेगळ्या सॉफ्टवेअरने, वेगळ्या अल्गोरिदमने करायचं. दोन्हीकडे एकच बीम डेटा भरला असेल तर ‘स्वतंत्र’ हा शब्द नावापुरता राहतो. सरळ प्लॅनमध्ये, घनता सारखी असेल तिथे, फरक २ ते ३ टक्क्यांत बसतो. फुफ्फुस किंवा हवेच्या पोकळीजवळ ५ टक्क्यांपर्यंत फरक समजू शकतो, पण कारण सांगता आलं पाहिजे.

साध्या प्लॅनला ही पायरी टाळायचा मोह होतो. पनामात २०००-०१ मध्ये कोबाल्ट मशीनवरच्या रुग्णांसाठी शील्डिंग ब्लॉक (किरण अडवणारे ठोकळे) प्लॅनिंग सिस्टिममध्ये वेगळ्या पद्धतीने भरले गेले आणि सिस्टिमने उपचाराचा वेळ खूपच जास्त काढला, काही वेळा दुपटीच्या आसपास. २८ रुग्णांना जादा डोस गेला. कुणी कागद-पेन घेऊन एका रुग्णाचा वेळ मोजला असता तरी आकडा डोळ्यांत खुपला असता. भाभाट्रॉन किंवा इतर कोबाल्ट मशीनवर काम असेल तर हाताने गणना सोडू नका. आणि स्रोताच्या क्षयाचा तक्ता दर महिन्याला बदलला आहे का तेही बघा: कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं, म्हणजे महिन्याला सुमारे १.१ टक्का घट. तीन महिने तक्ता तसाच राहिला तर ३ टक्के गेले.

फॅन्टमवरचा प्लॅन

रुग्णाचा प्लॅन फॅन्टमच्या सीटीवर कॉपी करायचा, एमयू आणि लीफची हालचाल जशीच्या तशी ठेवायची आणि डोस पुन्हा काढायचा. ग्रिड, म्हणजे डोस काढायच्या बिंदूंमधलं अंतर, २ मिमी. काही सिस्टिम या टप्प्यावर एमयू गुपचूप पुन्हा मोजतात. कॉपीनंतर प्रत्येक फील्डचे एमयू मूळ प्लॅनशी ताडून बघा.

फॅन्टमची घनता निर्मात्याने सांगितलेलीच द्या. सीटीवरून आलेली घनता ॲरेच्या बाबतीत भरवशाची नसते, कारण आतल्या धातूच्या तारा स्कॅन बिघडवतात. ॲरेची मापन-पातळी पृष्ठभागावर नसून काही मिलिमीटर खाली असते. आयसोसेंटर त्या पातळीवर बसवा. नॉन-कोप्लॅनर (कोच फिरवून दिलेल्या) फील्डचा कोच कोन शून्य करावा लागतो. तो शून्य केला याची नोंद ठेवा, कारण त्या कोनांवरची मशीनची भूमिती या चाचणीने तपासली गेली नाही.

शक्य असेल तर सगळे बीम त्यांच्या खऱ्या गँट्री (मशीनचा फिरता हात) कोनांवरून एकाच फॅन्टमवर द्या. सगळे बीम गँट्री शून्यावर आणून एकत्र जमवण्याची जुनी पद्धत सोपी आहे, पण एका फील्डची चूक दुसऱ्या फील्डच्या उलट चुकीखाली झाकली जाते. गँट्री शून्यावरच मोजायचं असेल तर फील्ड सुटेसुटे मोजा.

तापमान आणि दाब: महाराष्ट्रात इथेच घसरतात

आयन चेंबर हवेने भरलेला आणि बाहेरच्या हवेला उघडा असतो. हवा विरळ झाली की रीडिंग कमी. त्यासाठी केटीपी गुणक: (२७३.२ + तापमान) भागिले २९३.२, गुणिले १०१.३२५ भागिले दाब. तापमान सेल्सिअसमध्ये, दाब किलोपास्कलमध्ये.

मुंबईत किंवा पणजीत दाब १०१ च्या आसपास असतो, त्यामुळे चुकलं तरी फार नाही. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे प्रत्यक्ष दाब ९५ च्या आसपास. आणि हवामानाच्या ॲपवर काय दिसतं? समुद्रसपाटीला आणून दाखवलेला आकडा, म्हणजे १०१ च्या घरातला. मोबाइलवरचा आकडा सूत्रात टाकणाऱ्याची चूक साडेसहा टक्क्यांच्या आसपास जाते.

आकड्यांत बघू. ०.१२५ सीसीचा चेंबर, कॅलिब्रेशन गुणक दर नॅनोकुलोंबला ३०.१ सेंटिग्रे, बीम गुणवत्तेचा गुणक ०.९९१, आयनांच्या पुनर्संयोगाचा १.००२. रीडिंग ६.२१ नॅनोकुलोंब. तापमान २५, दाब ९५.० तर केटीपी १.०८५. गुणाकार केला की डोस येतो २०१.४ सेंटिग्रे. प्लॅन सांगत होता २०३.४. फरक उणे १ टक्का, छान. आता याच हिशेबात १०१.३ दाब टाका: केटीपी १.०१७, डोस १८८.८, फरक उणे ७ टक्क्यांहून जास्त. नवखा माणूस इथे प्लॅन परत पाठवतो. त्याहून वाईट म्हणजे आउटपुट कॅलिब्रेशनच्या दिवशी हीच चूक झाली, तर मशीनचं आउटपुट ‘कमी’ दिसतं, ते वर चढवलं जातं आणि त्यानंतरच्या प्रत्येक रुग्णाला साडेसहा-सात टक्के जास्त जातं.

उपाय साधा: बंकरच्या (मशीनच्या खोलीच्या) उंचीवर ठेवलेला कॅलिब्रेटेड बॅरोमीटर, आणि शहराच्या उंचीवरून अपेक्षित दाबाचा पल्ला भिंतीवर लिहून ठेवलेला. सकाळचा दाब संध्याकाळी वापरू नका. आपल्या अक्षांशावर दाब रोज दोनदा वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास शिखर आणि दुपारी चारच्या सुमारास तळ. फरक ०.३ टक्क्यांच्या आसपासचा, पण क्यूए नेमका शेवटचा रुग्ण गेल्यावर संध्याकाळी होतो, म्हणून तेव्हाचाच आकडा घ्या.

तापमानाची चूक प्रति अंश ०.३४ टक्का. स्टोअरमधल्या ३० अंशांतून घन फॅन्टम एसीच्या २२ अंशांत आणला आणि लगेच मोजलं, तर थर्मामीटर खोलीचं तापमान दाखवतो, चेंबर मात्र अजून गरमच. स्लॅब काही तास आधी बंकरमध्ये आणून ठेवा, शक्यतो आदल्या रात्री.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आर्द्रतेसाठी वेगळा गुणक लागत नाही. २० ते ८० टक्के आर्द्रतेत परिणाम नगण्य असतो. त्रास होतो तो कनेक्टरमध्ये. दमट केबलमधून विद्युतधारा गळते. बीम न देता एक मिनिट रीडिंग घ्या. ते मोजायच्या सिग्नलच्या ०.१ टक्क्याहून कमी हवं. नसेल तर कनेक्टर कोरडा करा आणि पुढच्या वेळी केबल सिलिका जेलच्या डब्यात ठेवा.

मोजणी

ॲरेला पुरेसा वेळ सुरू ठेवून गरम होऊ द्या, मग थोडा बीम देऊन स्थिर करा, मग बॅकग्राउंड घ्या. हा क्रम उलटा झाला तर सगळ्या डिटेक्टरांवर थोडी चूक बसते. त्यानंतर १० बाय १० सेंमी फील्डवर १०० एमयू देऊन ॲरेचं क्रॉस-कॅलिब्रेशन करा. इथे एक निवड करावी लागते: ॲरेला त्या दिवशी अपेक्षित असलेला प्लॅनिंगचा डोस दाखवायला लावायचा, की चेंबरने मोजलेला? पहिल्या पद्धतीत दिवसाचं आउटपुट हिशेबातून निघून जातं. दुसऱ्यात राहतं. कोणतीही चालेल, पण केंद्रात सगळ्यांनी एकच वापरावी आणि अहवालात ती लिहावी.

लेझरवर फॅन्टम बसवल्यावर कोनबीम सीटीने (मशीनवरच घेतलेला सीटी) एकदा तपासून घ्या. २ मिमीचं सरकणं डोसच्या तीव्र उताराच्या जागी सहज ५ टक्के फरक दाखवतं. ॲरेचं डोकं कुठल्या बाजूला, हे टेपने लिहून ठेवा. उलटा बसलेला ॲरे गॅमा खाली पाडतो आणि तासभर वाया जातो. प्रोस्टेटसारख्या बऱ्यापैकी सममित प्लॅनमध्ये तर आकडा इतका वाईटही येत नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

चेंबरची जागा जास्त डोस आणि कमी उतार असलेली निवडा. ०.६ सीसीच्या फार्मर चेंबरची पोकळी २ सेंमीहून लांब असते, त्यामुळे डोस लांबीभर बदलत असेल तर तो सरासरी दाखवतो. प्लॅनमध्ये चेंबरची पोकळी कंटूर करून तिथला सरासरी डोस घ्या, एका बिंदूचा नाही. फरक ३ टक्क्यांच्या आत अपेक्षित.

ॲरेच्या मर्यादाही ओळखून असा. ७.६ मिमी अंतरावर डिटेक्टर असलेल्या ॲरेवर १ सेंमीच्या गाठीत एखाददुसराच डिटेक्टर येतो. मेंदूतल्या छोट्या गाठींसाठी फिल्म किंवा दाट डिटेक्टरांचं उपकरण लागतं. चपट्या ॲरेवर बाजूने येणाऱ्या बीमला प्रतिसाद कमी मिळतो. त्यासाठी गँट्री कोनाचा सेन्सर जोडलेला असतो. तो सैल बसला की व्हीमॅटमध्ये दोन्ही कडांना उणे डोस दिसतो.

गॅमाचा आकडा वाचणं

मोजलेल्या प्रत्येक बिंदूसाठी गणित असं: अंतराचा फरक भागिले अंतराचा निकष, त्याचा वर्ग; डोसचा फरक भागिले डोसचा निकष, त्याचा वर्ग; बेरीज करून वर्गमूळ. आजूबाजूच्या बिंदूंत सर्वांत लहान येणारं उत्तर म्हणजे त्या बिंदूचा गॅमा. १ किंवा कमी असेल तर पास. ३ टक्के, २ मिमी निकषावर २ टक्के आणि १ मिमीचा फरक ०.८३ देतो, पास. २.५ टक्के आणि १.५ मिमी एकत्र आले तर १.१२, नापास, जरी दोन्ही स्वतंत्रपणे मर्यादेत असले तरी.

२०१८ च्या टीजी-२१८ अहवालाने सुचवलेले निकष असे: ३ टक्के, २ मिमी, ग्लोबल नॉर्मलायझेशन, १० टक्क्यांखालचा डोस वगळून, निरपेक्ष डोसवर. ९५ टक्के बिंदू पास झाले तर पुढे जा. ९० ते ९५ मध्ये असेल तर कारण शोधा. ९० च्या खाली कारवाई.

आता या आकड्याला कुठे कुठे फसायला होतं. ग्लोबल म्हणजे ३ टक्के हे कमाल डोसचे. कमाल डोस २०० सेंटिग्रे असेल तर सगळीकडे ६ सेंटिग्रे चालतात, आणि ३० सेंटिग्रेच्या जागी तेच ६ म्हणजे २० टक्के. कमी डोसची मर्यादा १० वरून ५ टक्क्यांवर आणली तर असे सहज पास होणारे बिंदू शेकड्याने वाढतात आणि टक्केवारी फुगते. ॲरेचा डोस प्लॅनशी ‘जुळवून’ घेणारं बटण दाबलं तर ३ टक्क्यांची आउटपुट चूकही पास होते. आणि ९७ टक्के पास म्हणजे ८०० बिंदूंत २४ नापास. ते २४ विखुरलेले असतील तर सोडून द्या. एका ओळीत, मज्जारज्जूच्या रेषेवर असतील तर सोडू नका. आमचं मत असं की नापास बिंदूंचं चित्र न बघता टक्केवारीवर सही करू नये.

नापास झाला, आता?

पहिली प्रतिक्रिया निकष सैल करण्याची असते. ३ टक्के, ३ मिमीवर पास होतो, जाऊ दे. तसं करू नका.

आधी स्वस्त कारणं शोधा. फॅन्टम सरकला का, बरोबर प्लॅनची बरोबर आवृत्ती मोजली का, फॅन्टमची घनता, कोच, केटीपी, त्या दिवसाचं आउटपुट. नंतर नेहमीचा एक जुना, पास झालेला प्लॅन त्याच मांडणीवर मोजा. तोही नापास झाला तर दोष मांडणीत किंवा मशीनमध्ये आहे. तो पास झाला तर नव्या प्लॅनकडे वळा.

चूक सगळीकडे सारखी, समजा सगळीकडे अधिक ३ टक्के, तर आउटपुट किंवा क्रॉस-कॅलिब्रेशन बघा. एका कडेला अधिक आणि समोरच्या कडेला उणे दिसलं तर फॅन्टम सरकला आहे. फक्त मागच्या बाजूच्या बीममध्ये कमी असेल तर कोच. लीफच्या हालचालीच्या दिशेने पट्टे दिसले तर लीफची मोटर किंवा प्लॅनिंग मॉडेलमधला लीफ-गॅपचा आकडा, ज्याला व्हेरियनच्या सिस्टिममध्ये डोसिमेट्रिक लीफ गॅप म्हणतात. सगळे अति मोड्युलेशनचे प्लॅन एकाच दिशेने चुकत असतील तर दोष त्या मॉडेलमध्ये; एका रुग्णाचा प्लॅन बदलून तो सुटणार नाही. टीजी-११९ च्या चाचणी-प्लॅनवर, म्हणजे कृत्रिम प्रोस्टेट, डोके-मान, सी आकाराचं लक्ष्य वगैरेंवर, मॉडेल पुन्हा तपासून घ्यावं लागेल.

दोष प्लॅनचाच निघाला तर तो सोपा करा: ऑप्टिमायझरला लहान आणि विचित्र आकाराच्या फटींवर दंड लावा, एमयूवर मर्यादा घाला, कोलिमेटरचा कोन बदला, लक्ष्य मोठं असेल तर आर्क वाढवा. बहुतेक वेळा डोस वितरण जेमतेम बदलतं आणि एमयू लक्षणीय उतरतात.

लॉग फाइल आणि ईपीआयडीबद्दल (मशीनवरचा इमेज घेणारा पडदा; त्यावरची मोजणी म्हणजे पोर्टल डोसिमेट्री) थोडंसं. लॉग फाइल म्हणजे लीफ कुठे आहेत याबद्दल मशीनचा स्वतःचा समज. एन्कोडर (लीफची जागा सांगणारा सेन्सर) घसरला असेल तर लॉग शुद्ध दिसेल आणि लीफ चुकलेले असतील. पोर्टल डोसिमेट्रीची अपेक्षित इमेज ठरवणारं मॉडेल प्लॅनिंगच्या डोस अल्गोरिदमपेक्षा वेगळं असतं. म्हणून ती मशीनने प्लॅन बरोबर पोचवला का हे चांगलं सांगते, शरीरातला डोस बरोबर मोजला का हे सांगत नाही. वेळ वाचवायला दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांच्याच भरवशावर स्वतंत्र डोस गणना बंद करू नये.

पहिला दिवस आणि पुढचे आठवडे

रुग्ण टेबलवर आल्यावर टेक्नॉलॉजिस्टने नाव रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यायचं, ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारायचं नाही. गोंधळलेला माणूस कशालाही हो म्हणतो. फोटो, बाजू, फ्रॅक्शन क्रमांक, कोचची स्थिती प्लॅनमध्ये लिहिलेल्या स्थितीशी जुळते का. पहिल्या दिवशी फिजिसिस्टने कन्सोलवर हजर असावं आणि कोनबीम सीटीवर हाडं जुळवून झाल्यावर मऊ ऊतीही बघाव्यात.

त्यानंतर दर पाच फ्रॅक्शननंतर चार्ट तपासायचा: आत्तापर्यंतचा डोस, राहिलेली फ्रॅक्शन, इमेजमधला सरकण्याचा कल. डोके-मानेच्या रुग्णाचं वजन तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उतरतं आणि डोकं स्थिर ठेवणारा ऑर्फिट मास्क सैल पडतो; मास्क आणि त्वचेत बोट सहज शिरू लागलं की पुन्हा सीटी घ्यायचा विचार करा. सीटी नवा झाला, कंटूर बदलले, प्लॅन पुन्हा केला, तर क्यूएही पुन्हा. ‘छोटा बदल’ म्हणून सूट नाही. न्यूयॉर्कमधला प्लॅनही सुधारित प्लॅनच होता.

वीज गेली किंवा मशीन मधेच अडलं, तर ‘आज शेक अर्धाच झाला’ असं म्हणत रुग्ण घाबरलेला असतो. त्याला टेबलवरून उतरवण्याआधी कन्सोलवर दिलेले एमयू, फील्ड आणि गँट्रीचा कोन कागदावर टिपून घ्या, कारण रीस्टार्टनंतर रेकॉर्ड-व्हेरिफाय सिस्टिम (उपचाराची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) नेहमी तेच सांगेल याचा भरवसा नसतो. दोन्ही नोंदी जुळल्या तरच उरलेला भाग द्या. नाही जुळल्या तर फिजिसिस्ट येईपर्यंत मशीन बंद. पुन्हा झोपवलं तर पुन्हा इमेज घ्या.

नोंदीत फक्त पास-नापास लिहू नका. कच्च्या रीडिंगची फाइल, तापमान, दाब, चेंबर आणि इलेक्ट्रोमीटरचे क्रमांक, त्या दिवसाचं आउटपुट, गॅमाच्या सेटिंग, नापास बिंदूंचं चित्र, मोजणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची वेगवेगळी सही. नापास झालेली मोजणीही जपून ठेवा, पुसून टाकू नका. सहा महिन्यांनी दहा प्लॅन एकाच दिशेने चुकत असल्याचं त्याच फायलींतून दिसतं.